बांधापायी उठलेलं शहर: सेलिनूसचं प्रकरण

सिसिली बेटाच्या नैर्ऋत्येला, समुद्रापासून थोडं आत, ऑलिव्हच्या झाडांमध्ये एक जुनी दगडाची खाण आहे. कावे दि कुसा. खाण म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा खड्डा नाही. लांबच लांब पसरलेली खडकाची धार आहे, आणि तिच्यात जागोजाग भलेमोठे दगडी ढोल उभे आहेत. नीट पाहिलं की कळतं, हे ढोल कुणी आणून ठेवलेले नाहीत. खडकात गोल चर खणत खणत माणसं खाली गेली आणि मधे ढोल उरला. चर जेमतेम अर्धा मीटर रुंद, एक पाथरवट आत उभा राहून टाकी चालवू शकेल एवढाच. टाकीचे घाव अजून दिसतात. काही ढोल बुडापासून सुटायचे राहिलेत, काही सुटून बाजूला लोळवलेत, काही ठिकाणी तर काम नुकतं कुठे सुरू झालेलं. थोडे ढोल वाटेतच पडलेत, शहराच्या दिशेनं निघालेले.

असे ढोल एकावर एक चढवले की ग्रीक देवळाचा एक खांब होतो. यातले सर्वांत मोठे तीन मीटरहून जास्त रुंद आहेत. त्यांचं गिऱ्हाईक होतं दहा-बारा किलोमीटरवरचं सेलिनूस शहर, आजचं सेलिनुन्ते. इ.स.पू. 409 मध्ये हे काम थांबलं आणि पुन्हा कधी सुरू झालं नाही.

सेलिनूसची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत उरकतात: श्रीमंत ग्रीक वसाहत होती, समुद्रापलीकडच्या कार्थेजनं नऊ दिवसांत धुळीला मिळवली. दोन्ही खरं आहे. पण एवढ्यावर थांबलं की महत्त्वाचं ते निसटतं. कार्थेज हा या शहराचा पिढीजात वैरी नव्हता, बराच काळ दोस्त होता. आणि त्या नऊ दिवसांनी शहर संपलं नाही, नंतर दीडशे वर्षं ते वेगळ्या रूपात तिथेच नांदत होतं. मग बिघडलं कुठे? माझ्या मते मुळाशी बांधाचा वाद होता. शेजाऱ्याशी जमिनीवरून भांडण, आणि तेही मिटवण्याची संधी दारात येऊन उभी राहिलेली असताना.

शेवटच्या वेशीवर

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर मेगारा हिब्लाया नावाची ग्रीक वसाहत होती. एका बाजूला सिरॅक्यूज, दुसऱ्या बाजूला लिओंटिनी, दोघांच्या मधे ही चेपलेली. जमीन पुरेना. म्हणून तिथल्या लोकांनी बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, नवं शहर वसवलं. नवं गाव वसवताना मूळ गावातून म्होरक्या बोलवायची ग्रीकांची रीत होती. त्याप्रमाणे ग्रीसमधल्या मूळ मेगाराहून पामिलोस नावाचा माणूस आला. साल कोणतं यावर प्राचीन लेखकांचंच जमत नाही. थ्युसिडिडीजच्या हिशेबानं इ.स.पू. 628 च्या आसपास, डायोडोरसच्या हिशेबानं 651. उत्खननात सापडलेल्या मडक्यांवरून भांडण अजून चालू आहे.

जागा मात्र डोळसपणे निवडलेली. समुद्रात घुसलेलं एक पठार, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या नद्या, दोन्ही मुखांशी गलबतं लागतील अशी नैसर्गिक बंदरं. मागे गव्हाचा सपाट मुलूख. पश्चिमेकडच्या नदीकाठी रानटी सेलरी माजलेली असायची. ही आपल्या कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली भाजी. ग्रीक भाषेत ती सेलिनोन. नदीचं नाव सेलिनूस पडलं, शहराचंही तेच, आणि पुढे शहरानं चांदीची नाणी पाडली तेव्हा त्यांवर याच भाजीचं पान उमटवलं. नाण्यावर गरुड नाही, सिंह नाही, पालेभाजी. मला या लोकांबद्दल पहिलं प्रेम वाटलं ते इथे.

पण पठारावर उभं राहून चहूकडे पाहिलं तर सगळेच शेजारी परके. सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर याच्या पश्चिमेला दुसरं ग्रीक शहर नाही. वायव्येला मोत्या हे फिनिशियन लोकांचं व्यापारी बेट. समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज. आणि उत्तरेला सुमारे 40 किलोमीटरवर डोंगरात सेगेस्ता, एलिमी लोकांचं शहर. एलिमी हे बेटावरचे जुने रहिवासी. स्वतःला ते ट्रॉयहून आलेल्यांचे वंशज म्हणवत, पण देवळं ग्रीक धाटणीची बांधत आणि भाषा ग्रीक लिपीत लिहीत. थोडक्यात, परके असले तरी अनोळखी नव्हेत. सेलिनूसच्या आणि त्यांच्या घरांत सोयरीकही होत असे.

म्हणजे सेलिनूस हे सुरुवातीपासून सरहद्दीवरचं गाव. सरहद्दीवरच्या गावाला दोन्हीकडचा माल मिळतो आणि दोन्हीकडचा मारही.

पैसा कुठे गेला

सहाव्या शतकात माल भरपूर मिळाला. शहर आखीव होतं: सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, सारख्या मापाची घरं, मधोमध विस्तीर्ण चौक. अलीकडे जमीन न उकरता, चुंबकीय मोजणीनं जमिनीखालचा नकाशा काढला तेव्हा सुमारे अडीच हजार घरं आणि पूर्वेच्या नदीकाठी कुंभारवाड्यात 80 च्या आसपास भट्ट्या आढळल्या. कौलं, मडकी, देवीला वाहायच्या मातीच्या मूर्ती, सगळं तिथे भाजलं जाई. भट्टीचा धूर गावावर येऊ नये म्हणून वाडा तटाच्या कडेला ठेवला होता, असं दिसतं.

पश्चिमेच्या नदीपलीकडे मालोफोरोस देवीचं ठाणं. ही शेतीभातीची देवी. तिथे बारा हजारांवर मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या. बहुतेक हातात काहीतरी धरून उभ्या असलेल्या बायका. याच ठाण्याच्या परिसरात शिशाचे छोटे पत्रेही मिळाले, आणि तेच मला जास्त मोलाचे वाटतात. त्यांवर शाप कोरलेत. कोर्टात विरुद्ध बाजूनं उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं आणि त्याची जीभ वाकडी होवो, ऐन वेळी चालेनाशी होवो, असं देवीला मागायचं. पत्रा गुंडाळून पुरून टाकायचा. एकूण लोक कोर्टकचेरीत मुरलेले होते. जमिनीच्या वादात ते का हटत नव्हते याचा थोडा अंदाज इथेच येतो.

बाकी पैसा देवळांत गेला. पठारावर चार-पाच, पूर्वेच्या टेकडीवर आणखी तीन. कुठलं देऊळ कोणत्या देवाचं याची खात्री नसल्यामुळे अभ्यासकांनी त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली, तीच नावं रूढ झाली. यातलं ‘जी’ हे राक्षसी प्रकरण आहे. लांबी सुमारे 110 मीटर, रुंदी 50, खांबांची उंची 16 मीटरच्या वर. आख्ख्या ग्रीक जगात याच्या तोडीची देवळं हातावर मोजण्याइतकी. काम इ.स.पू. 530 च्या सुमाराला पूर्वेकडून सुरू झालं आणि शंभर वर्षांहून जास्त चाललं, इतकं की पूर्वेचे खांब जुन्या घडणीचे आणि पश्चिमेचे नव्या. पुरं मात्र कधीच झालं नाही. आज तो दगडांचा डोंगर आहे. त्यातून एकच खांब वर डोकावतो, त्याला आसपासचे लोक म्हणतात लु फुसु दि ला वेक्या, म्हातारीची टकळी.

याच देवळात पाचव्या शतकातला एक शिलालेख सापडला. कोणत्या कोणत्या देवांच्या कृपेनं आम्ही जिंकतो, याची यादी. झ्यूस, अपोलो, पोसायडन, अथेना हे आहेतच, मालोफोरोसही आहे, पण झ्यूसच्या लगेच खाली, दुसऱ्याच क्रमांकावर, नाव येतं फोबोसचं. फोबोस म्हणजे भीती. शत्रूच्या पोटात उठणारा गोळा, त्याचाही देव. शिवाय साठ टॅलंट सोन्याचा उल्लेख. टॅलंट हे सोनं-चांदी तोलायचं ग्रीक माप. अथेन्सच्या सभेत सिसिलीवर स्वारी करावी की नाही यावर चर्चा झाली तेव्हा सेनापती निकियासनं सेलिनूसकडे खाजगी पैसा आहे आणि देवळांतही आहे, असं मुद्दाम सांगितल्याचं थ्युसिडिडीज नोंदवतो. दूरदेशी लोकांनाही या देवळांतल्या पैशाची कुणकुण होती.

तटबंदीचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही. याबद्दल सेलिनूसला मूर्ख ठरवणं सोपं आहे. मी ठरवणार नाही. शहराचा खरा तट होता तो कार्थेजशी असलेला सलोखा, आणि तो शंभरेक वर्षं टिकला होता.

दोस्ती, आणि एक पत्र

दोस्ती किती? इ.स.पू. 480 मध्ये कार्थेजचा सेनापती हमिल्कार मोठी फौज घेऊन सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर हिमेरापाशी उतरला. विरुद्ध बाजूला सिरॅक्यूजचा हुकूमशहा गेलॉन. सगळे ग्रीक एका बाजूला अशी ही लढाई नव्हतीच. सेलिनूस कार्थेजच्या बाजूला होतं. त्याला कारणही होतं: तीनच वर्षांपूर्वी याच गेलॉननं मेगारा हिब्लाया, म्हणजे सेलिनूसचं मातृगाव, मोडून टाकलं होतं. तिथल्या श्रीमंतांना सिरॅक्यूजचे नागरिक करून घेतलं आणि गरिबांना गुलाम म्हणून विकलं.

डायोडोरस सांगतो ती हकिगत अशी. हमिल्कारनं सेलिनूसकडे घोडदळ मागितलं होतं. अमुक दिवशी पाठवतो, असं सेलिनूसचं उत्तर निघालं, पण पत्र घेऊन जाणारा गेलॉनच्या माणसांच्या हाती लागला. गेलॉननं त्याच दिवशी पहाटे आपलेच स्वार पाठवले. छावणीच्या पहारेकऱ्यांनी त्यांना सेलिनूसची कुमक समजून आत घेतलं. स्वार सरळ हमिल्कारकडे गेले, तो यज्ञात गुंतलेला होता. त्याला तिथेच मारलं आणि जहाजं पेटवली. हीरोडोटस हमिल्कारचा शेवट वेगळा सांगतो, त्यानं स्वतःलाच आगीत झोकून दिलं म्हणून. काहीही असो, फौज बुडाली.

या पराभवापायी हमिल्कारचा मुलगा गिस्को कार्थेजमधून हद्दपार झाला. उरलेलं आयुष्य त्यानं कुठे काढलं? सेलिनूसमध्ये. हे लक्षात ठेवा, कारण 409 मध्ये शहरावर चालून आलेला हॅनिबल हा याच गिस्कोचा मुलगा. (हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबल तो हा नव्हे, तो जवळपास दोनशे वर्षांनंतरचा.) ज्या गावानं बापाला आसरा दिला, ते गाव मुलानं जाळलं.

बांध

थ्युसिडिडीज सेलिनूस आणि सेगेस्ताच्या भांडणाची कारणं दोनच शब्दांत देतो: लग्नसंबंधांचे हक्क आणि वादग्रस्त जमीन. डायोडोरस थोडं उलगडून सांगतो. दोन्ही मुलखांमध्ये नदी होती. सेलिनूसच्या लोकांनी ती ओलांडून आधी काठची जमीन दाबली, मग त्यालगतचीही. इ.स.पू. 416 च्या सुमाराला प्रकरण हातघाईवर आलं. सेगेस्ता हरलं आणि मदतीसाठी दारोदार फिरलं. दक्षिण किनाऱ्यावरचं ग्रीक शहर अक्रागास नाही म्हणालं, सिरॅक्यूज नाही म्हणालं, कार्थेजही नाही म्हणालं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. या वेळेपर्यंत कार्थेजला सेलिनूसशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

मग सेगेस्ता अथेन्सकडे गेलं. पुढचा प्रसंग शाळेच्या पुस्तकात असायला हवा इतका नामी आहे. आमच्याकडे पैशाला तोटा नाही, असं सेगेस्तानं सांगितलं. खात्री करायला अथेन्सचे वकील आले. त्यांना एरिक्सच्या देवळातली भांडी दाखवली. चांदीची, चकचकीत, पण किमतीला बेताची. मग घरोघरी मेजवान्या. प्रत्येक घरी सोन्याचांदीचे पेले. शेजारच्या गावांतूनही मागून आणलेले तेच ते पेले या घरातून त्या घरात फिरत होते, आणि पाहुणे भारावून परत गेले. सेगेस्तानं महिनाभराच्या खर्चासाठी साठ टॅलंट चांदी रोख दिली, साठ जहाजांसाठी. इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सचं आरमार निघालं. पोचल्यावर कळलं, सेगेस्ताकडे आणखी फक्त तीस टॅलंट उरलेत. सिरॅक्यूजसमोर दोन वर्षांत ती सबंध मोहीम नष्ट झाली. बांधाच्या वादातून अथेन्सचं कंबरडं मोडलं. अथेन्सच्या महत्त्वाकांक्षेचाही त्यात मोठा हात होता, हे खरं. पण आमंत्रण सेगेस्ताचं होतं.

आता सेगेस्ता एकटं पडलं. घाबरून त्यानं वादातली जमीन स्वतःहून सोडून दिली.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. सेलिनूसला हवं होतं ते लढाईशिवाय मिळालं होतं. पण डायोडोरस म्हणतो, त्यांनी तेवढ्यावर न थांबता पुढची जमीनही कापायला सुरुवात केली. माझ्या लेखी शहराचं भवितव्य ठरलं ते या क्षणी, तटाला खिंडार पडलं तेव्हा नव्हे. कोंडलेलं मांजर अंगावर येतं. सेगेस्तानं आपलं शहरच कार्थेजच्या पदरात टाकलं, आणि कार्थेजमध्ये त्या वेळी वजन होतं हॅनिबलचं, ज्याला आजोबाचा सूड घ्यायचा होता.

तरीही एक दार उघडं राहिलं होतं. हॅनिबलनं वकील पाठवून सुचवलं: सिरॅक्यूजला लवाद नेमू, ते सांगतील ते मान्य करू. यात डाव होता, सेलिनूस नकार देईल आणि मग सिरॅक्यूज त्यांच्यामागे उभं राहणार नाही, हा. सेलिनूसनं नकारच दिला. मधल्या काळात कार्थेजनं पाच हजार लिबियन आणि आठशे कंपानियन (इटलीतल्या कंपानियाचे) भाडोत्री सैनिक सेगेस्ताच्या दिमतीला दिले होते. सेलिनूसचे लोक शेजारच्या मुलखात लूट करत बेफिकीर पांगलेले असताना या सैनिकांनी त्यांना गाठलं. हजारभर माणसं पडली, लूटही गेली.

गावातल्या सगळ्यांचं या धोरणाला समर्थन होतं असंही नाही. एम्पेडिओन नावाचा एक वजनदार माणूस सुरुवातीपासून सांगत होता, कार्थेजशी लढू नका. त्याचं कुणी ऐकलं नाही.

नऊ दिवस

इ.स.पू. 409. बेटाच्या पश्चिम कडेला, लिलिबायमच्या टोकापाशी जहाजं दिसली तशी सेलिनूसचे टेहळणी करणारे घोडेस्वार परत धावले. सैन्य किती? एफोरस म्हणतो दोन लाख पायदळ, तिमायोस म्हणतो लाखाच्या थोडं वर. ग्रीक लेखक शत्रूचे आकडे सढळ हातानं देतात, तेव्हा दोन्ही जरा आवरूनच घ्यायचे. हे सगळं आपल्याला सांगणारा डायोडोरस स्वतः सिसिलीचाच, पण या घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी लिहिणारा.

वेढ्याची साधनं नेमकी सांगितली आहेत: सहा प्रचंड लाकडी मनोरे आणि लोखंडानं मढवलेले सहा तटफोडे. मनोरे तटाहून उंच, वरून तिरंदाजांनी आणि गोफणवाल्यांनी तटावरची माणसं टिपायची, खाली तटफोड्यांनी भिंत फोडायची. भिंतीची डागडुजी बरीच वर्षं झालेली नव्हती. शहरवाल्यांना वेढ्याचा अनुभव नव्हता. म्हातारे, पोरं सगळे तटावर. डायोडोरस मुद्दाम सांगतो की बायका-मुली रीतभात, लाजलज्जा बाजूला ठेवून लढणाऱ्यांना अन्न आणि दगड पुरवत होत्या.

पहिल्या खिंडारातून कंपानियन सैनिक नावलौकिकाच्या हव्यासानं आत घुसले. राडारोडा अजून साफ झाला नव्हता, पाय रोवायला जागा नाही. त्यांना मार खाऊन मागे जावं लागलं. रात्र झाली. सेलिनूसनं निवडक स्वार अक्रागास, गेला (हेही एक ग्रीक शहर) आणि सिरॅक्यूज या तीन शहरांकडे धाडले. अक्रागास आणि गेलाचं ठरलं, सिरॅक्यूजचं सैन्य येऊ दे, मग एकदमच निघू. सिरॅक्यूज तिकडे दुसऱ्याच लढाईत गुंतलेलं, ती मिटवून निवांत तयारीला लागलं. त्यांचा हिशेब सरळ होता: शहरांचे वेढे महिनोन् महिने चालतात.

हा चालला नऊ दिवस. शेवटी इबेरियन सैनिक आत शिरले आणि छपरांवरून बायकांचा आक्रोश उठला. तो ऐकून तटावरच्यांना वाटलं शहर पडलंच. ते तट सोडून गल्ल्यांच्या तोंडाशी आडोसे रचायला धावले. गल्ल्यांत वरून कौलं आणि दगड पडत होते, खाली हातघाई. कौलं आणि दगड संपले. उरलेले चौकात जमून लढले आणि तिथेच पडले.

सोळा हजार मेले, पाच हजारांहून जास्त कैद झाले, 2,600 निसटून अक्रागासला पोचले, असे डायोडोरसचे आकडे. पुढची वर्णनं मी थोडक्यात आटोपतो. भाल्यांवर मुंडकी, कमरेभोवती तोडलेले हात, असं बरंच आहे. एक तपशील मात्र सांगायला हवा. देवळांत आसरा घेतलेल्या बायकांना जिवंत सोडलं, दयेपोटी नव्हे. कोंडीत सापडून त्यांनी देवळं पेटवली तर आतला खजिना जळेल, ही भीती होती. शंभर वर्षं देवळांत साठवलेला पैसा सरतेशेवटी असा कामी आला.

अक्रागासच्या लोकांनी आलेल्यांना घरोघरी वाटून घेतलं आणि सरकारी कोठारातून धान्य दिलं. सिरॅक्यूजचे तीन हजार सैनिक तिथे पोचले तेव्हा शहर पडल्याची बातमी आधीच आलेली होती. त्यांनी हॅनिबलकडे वकील पाठवले: कैदी खंडणी घेऊन सोडा, देवळं राखा. उत्तर आलं की ज्यांना स्वातंत्र्य राखता आलं नाही त्यांनी आता गुलामी भोगून पाहावी, आणि देव तर रागावून केव्हाच सेलिनूस सोडून गेलेत. मग एम्पेडिओनला पाठवलं. लढू नका म्हणणारा तोच. हॅनिबलनं त्याची मालमत्ता परत केली, त्याच्या नात्यातले कैदी सोडले, आणि निसटलेल्यांना परत येऊन शेती करायची परवानगी दिली. कार्थेजला कर भरायचा, या अटीवर. तट पाडला आणि तो हिमेराकडे निघाला. तिथे आजोबा पडला त्या जागी त्यानं तीन हजार कैदी मारले.

दुसरं शहर

इथे सहसा पडदा टाकतात. पण परवानगी खरंच वापरली गेली. वर्षभरात सिरॅक्यूजचा हद्दपार सेनापती हर्मोक्रेटिस आपल्या भाडोत्री फौजेनिशी आला, त्यानं पडक्या शहराचा काही भाग पुन्हा तटानं बांधून घेतला, विखुरलेले लोक गोळा केले आणि कार्थेजच्या मुलखावर छापे घातले. 407 मध्ये तो सिरॅक्यूजच्याच रस्त्यांत मारला गेला. 405 च्या तहानं सेलिनूसकरांना राहायची मुभा मिळाली, मात्र तटाविना आणि कर भरून. पुढच्या तहांत हा मुलूख कार्थेजच्या हद्दीत पक्का झाला.

पठाराच्या टोकावर फिरताना आज दिसतो तो बराचसा हा दुसरा गाव. अडीच हजार घरांच्या जागी लहान, दाटीवाटीची वस्ती, जुन्या देवळांच्या अंगणापर्यंत आलेली. नवी बांधकामं जुन्या दगडांची. ‘ए’ देवळाच्या ओसरीत जमिनीवर छोट्या दगडी तुकड्यांनी एक खूण काढली आहे: त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, वर गोल. लहान मूल बाई काढतं तशी. ती कार्थेजच्या तानित देवीची खूण. ग्रीक देवळाच्या उंबऱ्यात कुणीतरी आपली देवी आणून बसवली आणि राहू लागलं. हे पतन की नांदणं, मला ठरवता येत नाही. या लोकांना इतिहासात नावं नाहीत, पण सेगेस्ताशी त्यांचं पुन्हा बांधावरून भांडण झाल्याची नोंदही नाही.

त्यांचा शेवट लढाईत झाला नाही. रोम आणि कार्थेजच्या पहिल्या युद्धात, इ.स.पू. 250 च्या सुमाराला, कार्थेजला पश्चिम सिसिलीतली ठाणी राखणं जड जाऊ लागलं. त्यांनी सेलिनूसची माणसं उचलून लिलिबायमला, आजच्या मार्सालाला, नेली आणि मागे शहर पाडून टाकलं. त्यानंतर तिथे पुन्हा शहर वसलं नाही. उरलेली देवळं पुढे कधीतरी भूकंपानं आडवी झाली. खांब एका रांगेत, पत्ते पडावेत तसे पडलेत.

नदी

एक धागा राहिला. त्या दोन नद्या गाळ आणत, मुखाशी पाणी तुंबे आणि ताप पसरे. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लाएर्तिओस एक आख्यायिका देतो: अक्रागासचा तत्त्वज्ञ एम्पेडोक्लिस आला आणि त्यानं स्वखर्चानं दुसऱ्या दोन नद्यांचं पाणी वळवून सेलिनूसचा प्रवाह खेळता केला. सेलिनूसच्या पाचव्या शतकातल्या नाण्यांवर नदीचा देव वेदीपाशी नैवेद्य दाखवताना दिसतो, आणि मागे एक पाणपक्षी निघून चाललेला. दलदल हटली म्हणून पक्षी चालला, असा त्याचा अर्थ लावतात. तर्क आहे, पण नाणं हातात घेऊन पाहिलं तर पटण्यासारखा.

शहर उठल्यावर बंदरं गाळानं बुजली आणि दलदल परत आली. 1823 मध्ये सॅम्युएल एंजल आणि विल्यम हॅरिस हे दोन तरुण इंग्रज वास्तुविशारद तिथे उकरू लागले. ‘सी’ देवळाच्या ढिगाऱ्यात त्यांना खांबांवरच्या पट्टीतले शिल्पपट मिळाले. एकात ग्रीक पुराणातला वीर पर्सियस मेदुसा राक्षसिणीचं डोकं कापतोय, आणि गंमत म्हणजे कापताना तिच्याकडे न बघता सरळ आपल्याकडे बघतोय. ते लंडनला न्यायचा त्यांचा बेत अधिकाऱ्यांनी हाणून पाडला. शिल्पं पालेर्मोच्या संग्रहालयात आहेत, ब्रिटिश म्युझियमकडे साचे गेले. हॅरिसला तिथेच नदीकाठी मलेरिया जडला आणि त्याच वर्षी तो वारला.